१९५६ सालचा दुसरा कायदा

खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेनं विचारलं आहे: "आमच्या गावात मुली पदवीपर्यंत शिकतात, पंचायतीत निम्म्या जागांवर बायका आहेत. तरी स्त्रीवादाचं नाव काढलं की पुरुष बिथरतात आणि बायकाही 'आमाला तसलं काय नको' म्हणून उठून जातात. सीमाभागातल्या आपल्या माणसांना समानता खरंच हवी आहे का? गावात याविषयी बोलायचं तर सुरुवात कुठून करू?"

ताई, समानता हवी का असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, म्हणून त्या उत्तरावरून काही कळत नाही. बेळगावच्या कोर्टात वाटणीचे आणि नवरा-बायकोचे दावे चालवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. एवढ्या काळात 'मुलीला कशाला शिकवायचं' म्हणणारा बाप भेटणं जवळपास बंद झालं. नोकरीवाली सून हवी हे आता सासूच स्थळ बघताना सांगते. कर्नाटकात पंचायतीतल्या निम्म्या जागा २०१० पासून बायकांना आहेत, आणि पहिली काही वर्षं नवरेच खुर्चीत बसत होते हे खरं असलं तरी आज सभेत स्वतः बोलणाऱ्या अध्यक्षा मी पाहते. आपल्या जिल्ह्यातून शशिकला जोल्ले आणि लक्ष्मी हेब्बाळकर अशा दोघी राज्याच्या महिला आणि बालकल्याण मंत्री झाल्या. यातल्या कशावर गावात भांडण होत नाही.

का होत नाही, ते बघा. मुलगी शिकली तर स्थळ चांगलं येतं. सून कमावती असली तर पगार घरात येतो. ज्या समानतेसाठी घरातल्या कुणाला हातातलं काही सोडावं लागत नाही, ती आपल्याकडे रुजली आहे आणि तिला कमी लेखू नका; आमच्या आयांनी तिच्यासाठी फार सोसलंय. पण जिथे सोडावं लागतं, तिथे माणसाचं खरं मत कळतं. म्हणून स्त्री-पुरुष समानतेबद्दल बेळगाव भागात लोकांना काय वाटतं हे मला सभेतल्या भाषणांवरून कळत नाही, उपनिबंधक कचेरीच्या बाकावर कळतं.

वडील वारतात. दिवसकार्य उरकतं. महिन्या-दोन महिन्यांत वारसा नोंदीसाठी धावपळ सुरू होते आणि उताऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं चढतात, कारण कायद्यानं ती चढवावीच लागतात. मग थोरल्या भावाचा फोन जातो: "जरा सहीला येऊन जा." चंदगडहून, गडहिंग्लजहून, शहापूर-वडगावातून बहिणी येतात. बाकावर शेजारी शेजारी बसतात. हक्कसोडीचा कागद तयार असतो. तो कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेल्या, लग्न होऊन महाराष्ट्रात गेलेल्या बाईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. अंगठा आणि फोटो झाला की भाऊ हॉटेलात जेवायला घालतो, साडी-चोळी करतो, आणि त्या आपापल्या गाड्या धरतात. किती गुंठ्यांवर सही केली हे विचारलं तर दहांतल्या नऊजणींना सांगता येणार नाही.

पूर्वी याला फार किंमत नव्हती, कारण कोरडवाहू तुकड्यांतून कुणाचंच भागत नव्हतं. आता शहर पसरलंय, हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडसाठी जमिनी मागितल्या जातायत, प्लॉटवाले दारात उभे आहेत. एका सहीत लाखांचा फरक पडतो. सही मागणाऱ्याची घाई त्यामुळेच वाढली आहे.

आता कायदा सांगते, कारण सभेत पहिला प्रश्न तोच येईल. लोक समजतात की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे आणि तो १९५६ सालापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्मानं वाटेकरी नव्हती. कर्नाटकानं तिला वाटेकरी करणारी दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासून लागू केली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. त्यानंतरही 'वडील त्या दिवशी हयात हवेत' असा वाद पंधरा वर्षं चालला, तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: वडील हयात असोत-नसोत, मुलगी जन्मानं वाटेकरी. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी मात्र मोडता येत नाही. 'आमची तोंडी वाटणी कधीच झालीय' एवढ्यानं आता भागत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे आहेत. त्यांच्या घरातल्या बायका सभेला असतील तर त्यांना वेगळं सांगावं लागेल.

१९५६ हे साल आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला आपल्याला न विचारता बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं. जानेवारीत त्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला होता, आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांची नावं घेतात त्यात निपाणीच्या कमलाबाई मोहित्यांचं नाव असतं. त्याच वर्षीच्या जून महिन्यात लेकीला बापाच्या मिळकतीत वारस ठरवणारा कायदा आला. पहिल्या अन्यायाविरुद्ध आपण अजून उभे आहोत, काळा दिन पाळतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याच्या तारखा मोजतो. दुसऱ्या कायद्यानं दिलेला हक्क आपणच आपल्या घरात मिळू दिला नाही. हे मी सीमालढ्यातल्या ज्येष्ठ मंडळींसमोर बोलले आहे. ती माणसं रागावली नाहीत, गप्प झाली. त्यातले एक-दोघे नंतर घरचे उतारे घेऊन आले.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं हेच आहे. आपल्या भागातल्या मराठी पुरुषाला समानता समजावायला बाहेरून शब्द आणायची गरज नाही. न विचारता निर्णय होणं, वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही मागितली जाणं, 'आता एवढी वर्षं झाली, सोडून द्या' असं ऐकावं लागणं, हे सगळं त्यानं स्वतः भोगलंय. सरकारी कागद मराठीत द्या म्हणून तो तहसीलदाराला निवेदन देतो. तोच माणूस बहिणीपुढे कन्नड कागद सरकवतो तेव्हा तिला काय वाटत असेल, हे त्याला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळू शकतं. कळतंच असं नाही. पण दार तिथे आहे.

बायका सही का करतात, याबद्दल शहरातली शिकलेली मंडळी फार उतावीळपणे बोलतात. "नको वो बाई मला वाटणी, भावाचं दार उघडं राहू दे" हे वाक्य मी रोज ऐकते आणि मला ते अडाणीपणाचं कधीच वाटलेलं नाही. सासरी मारझोड झाली तर ती जाणार कुठे? बाळंतपणाला, पंचमीला, मुलाच्या जावळाला मामा लागतो. वाटा मागितला की माहेर तुटतं, आणि ते तोडायला भावाबरोबर आईही पुढे असते, कारण म्हातारपणी तिला मुलाकडे राहायचंय. वाट्याची किंमत रुपयांत असते, माहेराची रोजच्या जगण्यात. बाई हिशेब बरोबर करते. हिशेबाच्या अटीच तिच्याविरुद्ध लावलेल्या आहेत. तुमच्या सभेतून उठून जाणाऱ्या बायका याच भीतीनं उठतात. या बाईशेजारी बसलेलं कुणी बघितलं आणि घरी सांगितलं की ही वाटणी मागणार, तर? आपण त्यांना धीट व्हा म्हणून सांगतो, पण माहेर सुटलं तर पाठीशी कोण उभं राहणार हे सांगत नाही.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण येते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. मराठी बाई नवऱ्याविरुद्ध पोलिसांत गेली तर ती दोन गुन्हे करते असं घरच्यांना वाटतं: घराची अब्रू चव्हाट्यावर आणली, आणि तीही परक्या भाषेच्या ठाण्यात. "आपलंच माणूस त्यांच्या हातात दिलंस" हे शब्द मी एका सासऱ्याच्या तोंडून ऐकले, आणि तो माणूस एरवी सज्जन होता. भाषेसाठी लढणाऱ्या समाजात घरातली भांडणं मागे ढकलली जातात. आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग बघू, असं सांगितलं जातं. सीमाप्रश्न सुटायची वाट बघत दोन पिढ्यांच्या बायका गेल्या. मोर्च्यात त्या पुढे होत्या, लाठ्या त्यांनीही खाल्ल्या, आणि उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना बोलावणं नव्हतं.

आणि अब्रू बाईच्या अंगावर ठेवण्यात कन्नड-मराठी भेद नाही, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होसा वंटमुरीत एक मुलगा मुलीला घेऊन निघून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, मारलं. त्या वेळी सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मुलानं केलं, शिक्षा आईच्या शरीराला. त्या आठवड्यात ज्या मराठी घरांत मी गेले तिथे सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि त्याच घरांतून 'मुलीच्या बापानं तरी काय करायचं होतं' हेही ऐकलं. ती दोन्ही वाक्यं एकाच तोंडात असतात. तुम्हाला गावात हेच भेटणार आहे, त्यानं खचू नका.

मारहाणीबद्दल माझा अनुभव बाजूला ठेवून पाहणीचे आकडे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. बायको न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशी सात कारणं देऊन विचारलं की यातल्या एखाद्यासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे का. कर्नाटकात जवळपास ७७ टक्के बायकांनी आणि ८२ टक्के पुरुषांनी किमान एका कारणाला होकार दिला. महाराष्ट्रात बायकांचा आकडा ४४ टक्क्यांच्या आसपास होता. सीमेपलीकडे बघून आपण मराठी माणसं पुढारलेली म्हणायला जागा आहे असं कुणी म्हणेल, पण शंभरातल्या चव्वेचाळीस बायका मार योग्य समजत असतील तर मिरवण्यासारखं त्यात काही नाही. आणि आपल्या मुली तर दोन्हीकडे दिलेल्या आहेत. हे आकडे सभेत वाचून दाखवू नका, अपमान वाटतो. ती सात कारणं मात्र एकेक करून विचारा आणि बायकांना आपसांत बोलू द्या. 'सासूचा मान' या कारणाला सगळ्यात जास्त हात वर होतात, आणि तिथून ज्या गोष्टी निघतात त्या कुठल्या व्याख्यानात मिळणार नाहीत.

तरुण मुलांशी बोलायचं असेल तर त्यांच्या मनात सध्या एकच विषय आहे: शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात नवरदेवाच्या वेषात तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. पुढच्या फेब्रुवारीत मंड्याकडच्या अविवाहित शेतकरी मुलांनी मलै महादेश्वराच्या डोंगरापर्यंत पायी यात्रा काढली. आपल्या पारावर याचं एकच निदान चालतं: मुली शिकल्या, त्यांच्या अपेक्षा वाढल्या, स्त्रीवाद्यांनी बिघडवलं. या मुलांचं दुःख खरं आहे, त्यांना हसू नका. पण निदान चुकीचं आहे, आणि ते सांगायला पुरावा आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. ती मुलं आज लग्नाच्या वयाची आहेत. ज्या मुली मिळत नाहीत त्यांतल्या कितीतरी जन्मालाच आल्या नाहीत. सीमेनं त्यातही हात दिला: एका राज्यात सोनोग्राफी आणि दुसऱ्यात गर्भपात, म्हणजे माग लागत नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले, त्या तपासाचे धागे कर्नाटकात कागवडपर्यंत आले होते.

आणि ज्या मुली आहेत, त्या शेतकऱ्याला नकार देतात तेव्हा काय बघून देतात? आईला त्यांनी पहाटेपासून भांगलण, कापणी, धारा करताना पाहिलंय, आणि उताऱ्यावर तिचं नाव कधी पाहिलं नाही. बापाच्या जमिनीत वाटा नाही, नवऱ्याच्या जमिनीवर नाव नाही, मग त्या रानात राबायला कोण येईल? मुलांना हे विचारा. एका गावात असं विचारल्यावर मागच्या रांगेतला पोरगा म्हणाला, "लग्नाआधी नावावर अर्धा एकर करतो म्हटलं तर येतील काय?" बाकीचे हसले, तो हसला नाही. मला त्या पोराबद्दल आशा वाटते.

घरकामाबद्दल थोडक्यात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकामात हात घालणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. जे घालतात ते दिवसाला सरासरी ९७ मिनिटं, बायका २९९ मिनिटं. यावर भाषण नको. मुलांना एक दिवस घरी कोण किती वाजता उठलं आणि झोपलं हे लिहून आणायला सांगा, पुरे.

पैशाच्या योजनांवरून सध्या पुरुष फार चिडलेत, तेही तुमच्या कानावर येईल. २०२३ पासून आपल्याकडे कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार येतात. चंदगडला दिलेल्या बहिणीला २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार. 'फुकटात शेफारल्या' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की कोर्टाच्या तारखेला एकटी येणारी बाई मला बस मोफत झाल्यापासून जास्त दिसते. आधी तिकिटाचे पैसे ज्याच्याविरुद्ध दावा त्याच्याकडेच मागावे लागायचे. मात्र गृहलक्ष्मीचे पैसे कुटुंबातल्या एकाच बाईला मिळतात, रेशनकार्डावर प्रमुख म्हणून जिचं नाव तिला, आणि त्यावरून सासू-सुनांत जुंपलेली घरं आहेत. तो वाद तुमच्यासमोर आला तर बाजू घेऊ नका.

बदल होतो कसा, याचं जवळचं उदाहरण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. पंधरवड्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं परिपत्रक काढलं. हेरवाड आपल्या सीमेला लागून आहे. त्या गावात कुणी स्त्रीवादाची व्याख्या केली नव्हती. कोरोनात तरुण विधवा झालेल्या मुली घरोघरी डोळ्यांसमोर होत्या. आपल्या ग्रामसभेला असा ठराव करायला कुणी अडवलेलं नाही.

तर सुरुवात. पहिली सभा पंचमीच्या आठवड्यात घ्या; लेकी माहेरी आलेल्या असतात, भाऊही घरी असतात. शाळेत घ्या, कुणाच्या घरी नको आणि कुठल्या पक्षाच्या कचेरीत तर मुळीच नको. येताना प्रत्येकानं घरच्या उताऱ्याची प्रत आणावी एवढंच सांगा, आणि गावातला एखादा निवृत्त तलाठी किंवा कन्नड-मराठी दोन्ही येणारा शिक्षक उतारे मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायला बसवा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, कुणी कधी हक्क सोडला, एवढंच वाचायचं. वाटणी मागा असं सांगायचं नाही. ज्या बाईला सही करायची आहे तिनं करावी, तो तिचा हक्क आहे. मात्र कागद आधी मराठीत वाचून घ्यावा, प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि सोडायचंच तर सगळं न सोडता राहण्यापुरती एखादी खोली किंवा दोन गुंठे नावावर ठेवता येतात हे तिला माहीत असावं. भाऊ समजूतदार असले तर हा मार्ग बहुतेकदा निघतो आणि माहेरही राहतं. फसवून सही घेतली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. बाईला वकील सरकारी खर्चानं मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. मारहाणीची तक्रार पोलिसांकडे न्यायला भीती वाटत असेल तर अंगणवाड्यांच्या वरच्या सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी बाईंकडे जाता येतं. कर्नाटकात त्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकारी आहेत. तक्रार कुठेही द्या, लिहून झाल्यावर 'मराठीत वाचून दाखवा' म्हणायचं आणि मगच सही करायची.

पहिल्या सभेला पाच-सहाजणी आल्या तरी चालेल. एखादीचा उतारा वाचताना तिला रडू आलं तर सभा तिथेच थांबवा, पुढचे उतारे दुसऱ्या दिवशी वाचा. तारीख ठरली की कळवा, खानापूरची सकाळची गाडी धरून मी येते.